पिंपामागचा उन्हाळा

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप आईने शब्दशः पोचवला. आमचा अर्ज तुमच्या प्रतिष्ठानापुढे आहे आणि तू तिथेच नोकरीला आहेस, तेव्हा निकाल लागेपर्यंत ताईने कामाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, घरचं काय ते लिहावं. नियम म्हणजे नियम, असं तू तिला दोनदा बजावलंस म्हणे. मला एकदा सांगितलं असतंस तरी पुरलं असतं, पण मी फोन उचलला की तू "आईला दे" म्हणतोस. गेल्या खेपेला जेवणाच्या टेबलावर "तुम्हा लोकांना पैसे हवे असतात, हिशेब नको असतो" असं म्हणून उठलास, तेव्हापासून आपल्यात एवढंच संभाषण उरलंय. तुम्हा लोकांना! अरे, तुला कडेवर घेऊन वाढवलेली बाई आहे मी.

तर घरचं. आईचा गुडघा दुखतो, पण रोज बागेपर्यंत जाऊन येते. वरच्या टाकीचा नळ गळत होता, तो बदलून घेतला. आणि घरातली थोरली मुलगी सध्या सकाळ-संध्याकाळ चिडलेली असते. घरातल्या माणसाच्या तब्येतीचं कारण सांगणं हेही घरचंच झालं, म्हणून सांगते.

सरकारी प्रसूतिगृहात डॉक्टरकी करण्यात माझा जन्म गेला. उन्हाळा तापला की कापडाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या बायकांची बाळं दिवस भरायच्या आत यायला लागतात, हे मी दरवर्षी बघते. पण डोळ्यांना दिसतं म्हणून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. त्या खोल्या रात्रीसुद्धा किती तापलेल्या असतात ते मोजून दाखवलं, तर पालिकेला पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा थर द्यायला लावता येईल. त्यासाठी तुमच्या प्रतिष्ठानाने एका वर्षाचे पैसे दिले आणि ऐंशी खोल्यांत तापमान टिपणारी, साबणाच्या वडीएवढी ऐंशी यंत्रं लागली. पुढच्या तीन वर्षांचे पैसे या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर ठरणार.

ते पैसे मिळवतानाही नाकी नऊ आले होते, तुला आठवत असेल. तुमचे हवामानवाले म्हणाले, हा आरोग्याचा विषय. आरोग्यवाले म्हणाले, हा हवामानाचा. मला परिषदेला विमानाने न्यायला तुम्ही एका पायावर तयार, पण आमच्या मोठ्या सिस्टरना वस्तीत जायला रिक्षाचं भाडं देता येत नाही, कारण रिक्षावाला पावती देत नाही. ते मी माझ्या पर्समधून देते आणि गप्प बसते. (गप्प बसत नाही, हे तुला माहीत आहे.)

आणि आता तुमचे परीक्षक लिहितात, "घरांतील तापमान सुसह्य मर्यादेत आढळते. उष्णतेशी संबंध कमकुवत वाटतो." सुसह्य! त्यातल्या एकाने तरी त्या खोलीत एक दुपार बसून दाखवावं. मी त्याला माझ्या पैशाने रिक्षाने नेऊन सोडते.

आईचे आशीर्वाद.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

हे पत्र आईच्या खोलीबद्दल आहे, म्हणजे नियमात बसतं.

आमच्याकडे आकडे जुळवायला एक कंत्राटी मुलगा आहे. त्याला सगळे आकडेवाला म्हणतात. हुशार आहे, मान खाली घालून काम करतो, मी ओरडले की कानात इअरफोन घालून बसतो. गेल्या वर्षी एक यंत्र जास्तीचं उरलं होतं, ते त्याने तपासून बघायला म्हणून तुझ्यामाझ्या आईच्या खाटेवर टांगलं होतं. मी विसरूनही गेले होते. मागच्या आठवड्यात परीक्षकांच्या टिपणीवरून मी आदळआपट करत असताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, एक विचित्र दिसतंय. तुमच्या आईंची खोली वस्तीतल्या खोल्यांपेक्षा गरम आहे."

आता तूच सांग. आपल्या घराला सिमेंटचा स्लॅब आहे, समोरासमोर खिडक्या आहेत, पंखा आहे, तू पाठवलेले जाडजूड पडदे आहेत. तिथे मेमधल्या रात्री तेहतीस. आणि पत्र्याखाली चार माणसं, एक स्टोव्ह आणि खिडकीच्या नावाने भोक, तिथे म्हणे एकोणतीस. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मला तिकडेच राहायला पाठव की." तिला विनोद सुचला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

आधी वाटलं यंत्रंच फालतू. तुमच्या मान्यताप्राप्त यादीतून घ्यावी लागली होती, दुसरीकडे तीच वस्तू निम्म्या किमतीत मिळत असताना. कंपनीला मी असं पत्र लिहिलं की वाचणाऱ्याला घाम फुटावा. मग आकडेवाल्याने वस्तीतली काही यंत्रं दोन दिवसांसाठी आणून आईच्या यंत्राशेजारी आमच्या औषधांच्या फडताळावर मांडली. सगळी एकसारखी चालतात. कंपनीची माफी मागायची राहिली आहे, मागेन.

यंत्र बरोबर आहे. खोली तापते, हे मला शिंचं कुणी सांगायला नको. आणि तरी आकडा थंड. आज तीन दिवस माझं घोडं इथेच अडलंय.

आईच्या गुडघ्याला शेक देते आहे. फरक आहे.

ताई


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

सापडलं.

मोठ्या सिस्टर वस्तीत दर गुरुवारी सकाळी जातात, यंत्रातले आकडे उतरवून घेतात. त्यांच्याबरोबर मीही अनेकदा गेले आहे आणि यंत्र कायम भिंतीवर, खिळ्याला, छान पुसलेलं बघितलं आहे. काल मी मंगळवारी गेले. एकटी, न सांगता.

इस्त्रीवालीच्या खोलीत शिरले. ती कारखान्यात इस्त्रीवर उभी असते, तिला सगळे याच नावाने ओळखतात. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, माझ्याच हातांत. आता पुन्हा दिवस आहेत, पाचवा सरत आलाय. मला दारात बघून ती एवढी दचकली की मलाच वाटलं मी काहीतरी चोरायला आले.

भिंतीवर नुसता खिळा.

"यंत्र कुठाय ग?"

"आहे ना, बाई. नीट आहे. तुम्ही बसा आधी."

"बसते. कुठाय?"

तिने पाण्याचं पिंप जरा बाजूला सरकवलं. मागे कोपऱ्यात, ओल्या जमिनीवर एक पाट, पाटावर दुपटं आणि दुपट्यात गुंडाळलेलं तुमचं यंत्र. तिने ते दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरलं.

"हे इथे कशाला ठेवलंस?"

"हरवलं, बिघडलं तर जबाबदारी आमची, असं सिस्टरनी वाचून दाखवलं होतं. माझा अंगठा आहे त्याच्यावर. हे यायच्या आदल्या उन्हाळ्यात आमचा मोबाइल खिळ्यालाच होता, उन्हाने फुगून बंद पडला. म्हटलं, हे तर केवढ्याचं असेल. घरात गार अशी एवढीच जागा आहे, ती याला दिली."

"आणि गुरुवारी?"

"सिस्टर यायच्या आधी पुसून लावते की भिंतीला. त्यांनी लावलं होतं तसंच त्यांना दिसायला नको का?"

उठून पुढच्या खोलीत गेले, मग त्याच्या पुढच्या. एकीने यंत्र पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलं होतं. एकीने कारखान्याच्या चौकीदाराच्या बायकोकडे, कारण तिच्याकडे कूलर आहे. एका म्हातारीने तर मला दाखवायलाच नकार दिला, "सिस्टर आल्या की देईन" म्हणाली. संध्याकाळपर्यंत जेवढी घरं फिरले त्यातल्या फक्त दोन ठिकाणी यंत्र भिंतीवर होतं. त्यातल्या एका घरात खिळा इतका वर होता की बाईचा हात पोचत नव्हता.

एक वर्षभर आम्ही पिंपामागचा उन्हाळा मोजला.

त्या अंगठ्याचं कलम आमचं नाही, धाकट्या. दुसऱ्या कुठल्या देशात तुमची यंत्रं गहाळ झाली, तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पात ते घालायचं, हे तुझ्या विभागाने ठरवलं. तूच आईला कौतुकाने सांगितलं होतंस, "माझी सूचना साहेबांनी मान्य केली." आईने शेजारी-पाजारीही सांगितलं होतं. मी तेव्हा त्या कागदावर सही करताना जराही विचार केला नाही. मला पैसे हवे होते.

मला रडू येत नाहीये. तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती कुणावर काढावी ते कळत नाही.

ताई


११ मार्च

प्रिय धाकट्या,

बुधवारी तुझा फोन आला. रविवार नसताना. आणि "आईला दे" न म्हणता तू बोलत राहिलास. आई स्वयंपाकघरातून खुणेने विचारत होती, कोण आहे, आणि मी तिला सांगितलं नाही. ते काही क्षण मला एकटीला हवे होते.

त्याआधी जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. वस्तीतून आल्यावर मी आकडेवाल्याला सगळं सांगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, "मॅडम, दर गुरुवारी सकाळी आकडे एकदम वर उसळायचे. सिस्टरांच्या हाताळण्याने चुकतात असं वाटलं. बाकीच्यांशी न जुळणारे आकडे काढून टाकावेत असं मार्गदर्शिकेत आहे, म्हणून मी काढले." म्हणजे अख्ख्या वर्षात जे काय खरं मोजलं गेलं होतं, तेवढंच आम्ही चूक म्हणून वगळलं. मी कपाळाला हात लावला. मग हसू आलं, मग त्या बिचाऱ्यावर ओरडले, मग त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने ते आकडे पुन्हा काढून दिले. सकाळी नऊ वाजता, पत्रा अजून नीट तापायच्या आधी, छत्तीस.

आणि एवढं हातात येऊनही आठवडाभर मी गप्पच बसायचं ठरवलं होतं. कारण तुमचा नियम मला पाठ आहे: पहिल्या वर्षाचे आकडे मागे घेतले की पुढच्या टप्प्याला अपात्र. मनात म्हटलं, आधी तीन वर्षांचे पैसे पदरात पडू देत. यंत्रं जाळीच्या डबीत घालून भिंतीला पक्की करू, अंगठ्याचा कागद फाडून टाकू, नीट मोजू. खरं एक वर्ष उशिरा सांगितलं तर काय बिघडणार आहे?

तू फोनवर तेच म्हणालास. "ताई, करारावर सही होऊ दे. मग पुढच्या अहवालात 'मोजमापाची पद्धत सुधारली' असं एक वाक्य टाक. कुणी विचारत नाही."

"आणि आधीचे आकडे?"

"राहू देत. इतक्या देशांच्या आकड्यांत तुझी ऐंशी घरं कुणाला दिसणारेत?"

आणि शेवटी, "हे मी बोललो असं कुठे म्हणू नकोस." धाकट्या, खरं सांगू? मला भरून आलं. एवढा नियमावर बोट ठेवणारा तू, ताईसाठी नियम मोडलास. बाबा गेले तेव्हापासून तू माझ्यासाठी काही केलंयस असं मला वाटलंच नव्हतं.

पण दुसऱ्याच दिवशी मी पालिकेत गेले होते. पत्र्यांवर थर द्यायची आमची मागणी कुठवर आली ते बघायला. अभियंत्याने फाइल माझ्यापुढे सरकवली. वर तुमच्या परीक्षकांचं वाक्य, ठळक अक्षरांत छापून: "तापमान सुसह्य मर्यादेत." खाली त्याचा शेरा, "सबब खर्चाची आवश्यकता नाही." मी म्हटलं, "अहो, हे आकडे चुकीचे आहेत." तो म्हणाला, "बाई, आकडे तुमचेच आहेत." बरोबरच होतं त्याचं. शांतपणे बोलला, त्याचा मला जास्त राग आला.

इतक्या देशांत आमची ऐंशी घरं दिसणार नाहीत म्हणालास. इथे ती एका माणसाला दिसली आणि त्याने फाइल बंद केली.

काल रात्री मी प्रतिष्ठानाला सगळं लिहून पाठवलं. अंगठा, पिंप, गुरुवार, सगळं. अंगठ्याचं कलम कुणाच्या सूचनेने आलं ते लिहिलं नाही, काळजी करू नकोस. आणि तुझा फोन मला आलाच नव्हता, असं धर.

चिडशील. चीड. पण या रविवारी फोन केलास आणि मी उचलला, तर आधी दोन शब्द माझ्याशी बोल.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. "प्रामाणिकपणाबद्दल आम्ही आभारी आहोत." त्याच्या खालच्याच ओळीत अपात्र. पुढच्या फेरीत अर्ज करता येईल, मात्र विषय नवा हवा. नवा विषय कुठून आणू? उन्हाळा जुनाच आहे.

तुमच्या मोठ्या अहवालाच्या नकाशावर आमचं शहर आधी हिरवं होतं, म्हणजे सुसह्य. आता करडं आहे, म्हणजे माहिती उपलब्ध नाही. ती छापील प्रत मी पालिकेत नेऊन दिली आणि अभियंत्याला जुना कागद काढून टाकायला लावलं. फाइल पुन्हा उघडली आहे. उघडी आहे, एवढंच. पुढे सरकायला तिला आकडे हवेत आणि ते माझ्याकडे नाहीत. तुमच्या तिजोरीतून मी एवढं मिळवलं, एका हिरव्याचं करडं.

आकडेवाल्याचं कंत्राट संपलं. पेढीत लागला आहे, लोकांचे हप्ते जुळवतो. जाताना पाया पडला.

यंत्रं महिन्याभरात परत करायची आहेत. मूळ खोक्यात, कागदात गुंडाळून.

गेले तीन रविवार तू आईशीच बोललास.

ताई


२ जून

प्रिय धाकट्या,

इस्त्रीवालीचं बाळ सातव्या महिन्याच्या शेवटी आलं. मुलगी. मी दोन महिने आधीपासून तिला इस्त्रीवरून काढून बसून करायचं काम द्या म्हणून कारखान्यात खेटे घालत होते. मॅनेजर म्हणाला, डॉक्टरबाई, काही पुरावा असला तर द्या, मी वर पाठवतो. पुरावा. मी तिथे ओरडले, मग घरी येऊन आईवर ओरडले, मग आईपाशी बसून रडले. तुला असं कधी झालंय का रे, की आपल्याला एखादी गोष्ट इतकी ठाऊक आहे आणि ती कुणाला देता येत नाही?

मुलगी जगली. काचेच्या पेटीत होती, तिथे तापमान अर्ध्या अंशानेही ढळू देत नाहीत. वजन पावणेदोन किलो झाल्यावर नियमाप्रमाणे घरी सोडायचं असतं. खाटा कमी आहेत, बाहेर बायका ताटकळत असतात. मी चार दिवस काही ना काही कारण काढून थांबवलं, पाचव्या दिवशी कारण उरलं नाही. भर मेमध्ये ती मुलगी मी माझ्या सहीने पत्र्याखाली पाठवली.

आठवड्याने बघायला गेले. पिंपामागे, पाटावर, त्याच दुपट्यात तिला निजवलं होतं. इस्त्रीवाली म्हणाली, "यंत्र गेलं ना, जागा मोकळी झाली." दूध ओढतेय. ओलीमुळे छाती भरेल अशी मला भीती आहे आणि तिथून उचल असं सांगायची हिंमत नाही, कारण उचलून ठेवणार कुठे?

तिला मी एक कागद वाचून दाखवला. काल तुमच्याकडून आला. पाकिटावर प्रतिष्ठानाची मुद्रा बघून मला वेड्यासारखं वाटलं की निर्णय फिरला. आईलाही हाक मारली. उघडला तर, "महोदया, आपल्या प्रकल्पातील सर्वच्या सर्व उपकरणे सुस्थितीत परत मिळाली. आजवर कोणत्याही प्रकल्पाने ही कामगिरी केलेली नाही. उपकरणांची घेतलेली काळजी अनुकरणीय असून इतर देशांतील प्रकल्पांना आपले उदाहरण देण्यात येईल." खाली सही. मालमत्ता विभागासाठी, तू.

आईने सही लगेच ओळखली. म्हणाली, "बघ, लिहिलं की नाही त्याने तुला?" आणि चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाठीमागची बाजू बघत राहिली, आणखी काही लिहिलंय का म्हणून.

कौतुक ज्यांचं होतं त्यांना ते पोचवावं म्हणून वस्तीत नेलं. इस्त्रीवाली हात पुसून नीट बसली. मी वाचलं तसं तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. शेजारणींना बोलावलं. "सगळ्या देशांत आपला पहिला नंबर," म्हणाली. "मी म्हटलं होतं ना बाई, जिवापाड जपते म्हणून." म्हातारी, जिने मला यंत्र दाखवलं नव्हतं, तीही मान डोलावत होती.

मग ती म्हणाली, "एवढं जपलंय म्हटल्यावर पुढच्या उन्हाळ्यात परत देतील ना? या खेपेला सांगाल तिथे ठेवू. भिंतीला म्हणालात तर भिंतीला."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी कागदाची घडी घातली आणि विचारून सांगते म्हटलं.

तर विचारते आहे. त्यांना काय सांगू ते कळव. मला ताई म्हणून लिही.

तुझी
ताई